खालचं पाणी

पंपाच्या खोलीत पाऊल टाकताच धाकटी थबकली. समुद्रातून पाणी ओढणारा पाइप बाहेरून निथळत होता. तिनं हात लावून पाहिला, गारेगार. काल संध्याकाळी वारा फिरला होता. किनाऱ्याजवळचं वरचं कोमट पाणी त्यानं लांब लोटलं होतं आणि तळाचं वर आलं होतं.

त्या तळाच्या पाण्याचीच तिला धास्ती होती. कालवांची पिल्लं वाढवायचं हे केंद्र ती आणि तिची थोरली जाऊ मिळून चालवत. यंदा मात्र एकामागून एक खेप टाकीतच मरत होती. जाऊबाईंच्या मते हा रोगच. टाक्या घासून घासून त्यांनी हाताची सालटी काढली होती. धाकटी पाण्याची आम्लता मोजायची. गाड्यांचा, कारखान्यांचा धूर समुद्र वर्षानुवर्षं पोटात घेतोय, त्यानं पाणी आंबटपणाकडे झुकतंय, तळाचं तर फारच, आणि तशा पाण्यात पिल्लाला पहिला शिंपला धरता येत नाही, हे तिनं कितीदा सांगितलं होतं. "आंबट असतं तर माझ्या जिभेला कळलं असतं," म्हणून जाऊबाई उडवून लावायच्या.

कालच कालवांनी अंडी सोडली होती. दोन्ही टाक्यांतली पिल्लं आता शिंपला धरायच्या बेतात होती, आणि पंप तेच पाणी त्यांच्यावर ओतत होता. धाकटीनं आम्लता मोजायचं यंत्र पाण्यात बुडवलं, आम्लता वाढलेली पाहिली आणि खटका खाली ओढला.

आवाज थांबताच जाऊबाई धावत आल्या. "पंप कुणी बंद केला?"

"मी. ताई, पाणी खराब आलंय. टाकीत सोडा घालू या, थोडा थोडा."

"धुण्याचा सोडा? अगं, ती पिल्लं आहेत, चादरी नाहीत."

"त्यानं आम्लता उतरते."

"आणि नवं पाणी नाही मिळालं तर गुदमरतील, त्याचं काय?" जाऊबाईंचा हात खटक्याकडे गेला.

धाकटी मध्ये उभी राहिली. लग्न होऊन आल्यापासून ती जावेच्या शब्दाबाहेर गेली नव्हती. "एक टाकी मला द्या. दुसरी तुमची."

जाऊबाईंनी तिच्याकडे रोखून पाहिलं. "खिडकीकडची घे. पण ती गेली, तर यापुढे टाकीला हात लावायचा नाहीस."

धाकटीनं बादलीत सोडा विरघळवला आणि बारीक धार सोडली. घाईत धार जाड झाली. पाण्यात दुधासारखा पांढरा ढग उठला. तिनं बादली मागे घेतली आणि वल्ह्यानं हलक्या हातानं ढवळू लागली. मागे पंप पुन्हा सुरू झाला, पण फक्त जावेच्या टाकीपुरता. ढग फुटेना. जाऊबाई दारात उभ्या राहून बघत होत्या. बऱ्याच वेळानं पाणी निवळलं, तेव्हा धाकटीचा पदर घामानं भिजला होता. दिवसभर ती मोजत राहिली, चिमूटभर घालत राहिली.

दुसऱ्या दिवशी सूक्ष्मदर्शकाला आधी जाऊबाईंनी डोळा लावला. स्वतःच्या टाकीतला थेंब त्यांनी पुन्हा पुन्हा पाहिला. शिंपले अर्धवट, कडा चुरगळलेल्या. बरीच पिल्लं तळाशी बसली होती. मग खिडकीकडचा थेंब. त्यात बहुतेक पिल्लं पारदर्शक, पुरत्या शिंपल्यांची, गरगर फिरत होती.

जाऊबाई उठल्या, सोड्याचं पोतं ओढत आपल्या टाकीपाशी नेलं आणि म्हणाल्या, "किती घालायचं ते सांग."

ती टाकी वाचली नाही. खिडकीकडची वाचली.

ओहोटीला दोघी खडकांवर गेल्या. तिथली कालवं आपोआप वाढत, त्यांना कुणी हात लावत नसे. जुनी मोठी कालवं जागच्या जागी होती. जाऊबाई वाकून फटींमध्ये बोटं फिरवू लागल्या, नखाएवढी नवी कालवं शोधत. एका खडकावर सापडली नाहीत, दुसऱ्यावरही नाहीत.

"इथं सोडा कुणी घालायचा गं?" त्यांनी विचारलं.

जाऊबाई पुढच्या खडकाकडे निघाल्या, तशी तीही ओचा खोचून त्यांच्या मागोमाग पाण्यात उतरली.