एडिथ रॅसनिकचं रडणं

गेल्या मार्चपासून इंटरनेटवर मला जेवढ्या शिव्या पडल्या, तेवढ्या बत्तीस वर्षं शाळेचं ग्रंथालय सांभाळताना एकाही कार्ट्याने दिल्या नव्हत्या. 'जळकी म्हातारी' ही त्यातली सौम्य. एका महाभागाने माझ्या सातही पुस्तकांना ओळीने एकेक तारा दिला. त्यातलं सातवं अजून छापूनही आलेलं नाही. एकीने लिहिलं, मी मेल्यावर माझं भूतसुद्धा कुणी शोधायला येणार नाही. हे वाचून मला हायसं वाटलं.

मी व्हर्ना होलकॉम्ब. ओहायो नदीच्या काठावरच्या आमच्या गावांतल्या भुताखेतांच्या गोष्टी लिहिते. माझं भांडण ट्रेंट कोझाकशी आहे. पंधरा वर्षांपूर्वी तो माझ्याबरोबर ओसाड घरांतून हिंडायचा, रेकॉर्डर कसा धरायचा तेही मीच त्याला शिकवलं. आता त्याचा चॅनल चार लाख लोक बघतात आणि तो स्वतःला संशोधक म्हणवतो. आम्हा भूतवाल्यांत भांडणं नवी नाहीत. कुणी कुणाचं भूत चोरलं यावरून आमच्याकडे माणसं वर्षानुवर्षं बोलत नाहीत. पण हे भांडण एका जिवंत बाईवरून आहे.

माझ्या पहिल्या पुस्तकात मी लिहिलं होतं, की १९३७ च्या महापुरानंतर एडिथ रॅसनिक नावाच्या बाईने आपल्या खाणावळीत तीन मुलांना विष घालून मारलं आणि त्यातला एक तिच्या पोटचा होता. पुरावा काय, तर न्हाव्याच्या दुकानात ऐकलेल्या गप्पा. कोर्टातली मृत्यूंची नोंदवही आठ मैलांवर होती. ग्रंथपाल असून मी ती उघडली नाही, कारण गोष्ट फार छान जमली होती.

पुढे ट्रेंट आणि मी त्या रिकाम्या घरात गेलो, आणि स्वयंपाकघरात एका बाईचं हुंदके देऊन रडणं रेकॉर्ड झालं. ट्रेंटने ते 'पश्चात्तापाने रडणारी खुनी आई' म्हणून जगाला ऐकवलं. त्याचा चॅनल त्यावर उभा राहिला आणि माझं पुस्तक चार वेळा छापलं गेलं.

मग गेल्या मार्चमध्ये फोन आला.

"तूच ना ती पुस्तकवाली?"

"हो. कोण बोलतंय?"

"ओपल रॅसनिक. एडिथची मुलगी. त्र्याण्णव वर्षांची आहे, त्या घराच्या शेजारीच राहते. दर शनिवारी तुमची माणसं यंत्रं घेऊन माझ्या कुंपणाशी येतात आणि ओरडतात, एडिथ, पोरांना का मारलंस? मी ओसरीवर बसणं सोडलंय. पडदे ओढून घरात बसते. माझ्या आईने कुणाला मारलं नाही, पोरी. जा, आधी वही उघड आणि मग मला तोंड दाखव."

दुसऱ्या दिवशी गेले. वही उघडायला चार मिनिटं लागली. तिन्ही नावांपुढे एकच शब्द होता: टायफॉइड. पुराने विहीर बाटली होती. मी गाडीत येऊन बसले आणि मला माझी एवढी लाज वाटली की किल्ली फिरवायला हात उठेना.

मी चूक जाहीर केली. पुस्तक परत घेतलं. तिथून शिव्या सुरू झाल्या. ट्रेंटने शिव्या दिल्या नाहीत. तो हुशार आहे. त्याने हसत एवढंच विचारलं, "वहीचं सोडा. मग ते रडणं कुणाचं होतं?"

ते मला माहीत होतं. दहा वर्षं माहीत होतं.

आमच्या धंद्यात एक रीत आहे. रेकॉर्डर चालू असताना तुमच्याकडून आवाज झाला, पोट गुरगुरलं, खोकला आला, की लगेच मोठ्याने सांगायचं: हा माझा. नाहीतर उद्या तुमचा खोकला भूत म्हणून मिरवतो. त्या दिवशी एडिथच्या स्वयंपाकघरात निळ्या मुलाम्याची कॉफीची किटली होती. आमच्या घरीही तशीच होती, माझ्या नवऱ्याची, रेची. त्याला जाऊन सात आठवडे झाले होते. मला रडू फुटलं. आणि मी रीतीप्रमाणे सांगितलंही. ट्रेंटने ते सांगणं कापलं आणि रडणं ठेवलं. ऐकल्याबरोबर मी माझा आवाज ओळखला, आणि गप्प बसले. पुस्तक खपत होतं. एवढं सोपं कारण होतं.

ऑक्टोबरात आमच्या लोकांचा मेळावा भरतो. एका हॉटेलच्या सभागृहात तीनशे माणसं होती, मंचावर ट्रेंट आणि मी. मी पिशवीतून जुना रेकॉर्डर काढून माईकपुढे धरला. माझी मूळ प्रत मी पुसली नव्हती.

हुंदके आले. मग माझा आवाज: "ही मी, व्हर्ना. माफ कर, ट्रेंट." आणि मग त्याचा, तेव्हाचा, कोवळा: "असू दे. सावकाश. मी थांबतो."

ट्रेंट खाली बघत होता. क्षणभर मला वाटलं, हा आता खरं बोलेल. तेव्हा तो खरंच थांबला होता, वीस मिनिटं, माझ्या पाठीवर हात ठेवून.

मग त्याने मान वर केली. "व्हर्ना, तू दुःखात होतीस. तुझ्या मनाचं दार उघडं होतं. एडिथ तुझ्या तोंडून रडली."

टाळ्या पडल्या. मागून कुणीतरी म्हणालं, "बाईला कळतच नाहीये तिच्या अंगात कोण आलं होतं."

माझं डोकं फिरलं. मी माईक हातात घेतला.

"ट्रेंट, माझा नवरा गेला होता. एकतीस वर्षांचा संसार होता. मी त्याच्यासाठी रडले. त्यातला एक हुंदकासुद्धा मी तुझ्या चॅनलला देणार नाही. आणि तुम्ही टाळ्यावाले, शनिवारी या. त्या कुंपणापाशी मी खुर्ची टाकून बसणार आहे. तुमच्या प्रत्येक रेकॉर्डिंगवर माझी बडबड असेल. काय उपयोग होतो ते बघते."

शनिवारी दुपारी मी खरंच जाऊन बसले. चौदा माणसं आली. त्यांनी यंत्रं सुरू केली की मी नोंदवहीतून माझ्या वहीत उतरवलेल्या नोंदी वाचायला लागायची, तारखेसकट. एकाने मला थेरडी म्हटलं, तेही मी त्याच्या नावानिशी माईककडे बघून सांगितलं. तीन वाजेपर्यंत नऊ जण निघून गेले होते. पाच चिवट निघाले. त्यात पन्नाशीचा एक दाढीवाला होता, हातात प्रश्नांची यादी. तो माझ्या डोक्यावरून ओरडला, "एडिथ, तुला काही सांगायचंय का?"

माझ्या मागे दार करकरलं. ओपलबाई बाहेर आल्या. मी त्यांना उठून हात द्यायला गेले, तर त्यांनी माझा हात बाजूला केला. कठड्याला धरत एकेक पायरी उतरल्या आणि कुंपणाशी येऊन दाढीवाल्यासमोर उभ्या राहिल्या.

"एडिथ नाही. मी तिची मुलगी. त्या दिवसांत त्या घरात होते. विचार."

तो यादी बघायला लागला. पान उलटलं, परत उलटलं.

"तुम्ही... म्हणजे, हे प्रश्न..."

"मेलेल्यांसाठी आहेत, होय ना?" ओपलबाई म्हणाल्या. "बरं. मग मी सांगते, तू ऐक. ते यंत्र बंद करू नकोस."

त्याने बंद केलं नाही. मीही वही मिटली आणि आवाज न करता खुर्चीवर बसले.

"माझ्या भावाचं नाव वॉल्टर," त्या म्हणाल्या. "त्याला नदीतले गोटे आवडायचे."