कुलूपवाले पत्ते

जितेंद्रला माहितीपुस्तिका लिहायला लागून अकरा वर्षं झाली होती, आणि अकरा वर्षांत ती वाचणारा एकही माणूस त्याला भेटला नव्हता. नागपूरच्या आयटी पार्कजवळच्या त्या कंपनीत कोल्ड स्टोरेजचं तापमान सांभाळणारं सॉफ्टवेअर बनायचं. बनवणाऱ्यांना पगारवाढ, विकणाऱ्यांना गाडी, आणि ते वापरायचं कसं हे लिहिणारा हा गडी आपला अकरा वर्षं कंत्राटावर. दर मार्चमध्ये कंत्राट संपायचं, एप्रिलमध्ये पुन्हा लागायचं. मधले पंधरा दिवस त्याची बायको काजल त्याला काहीच विचारायची नाही, आणि त्याचाच त्याला जास्त त्रास व्हायचा.

यंदा मात्र मॅनेजर दुर्गेश स्वतःहून त्याच्या टेबलाशी आला. एका मोठ्या गिऱ्हाइकानं अट घातली होती की पुस्तिकेतले सगळे वेब पत्ते सुरक्षित हवेत. म्हणजे पत्त्याच्या सुरुवातीला एचटीटीपी असेल तिथं एचटीटीपीएस करायचं. मग ब्राउझरमध्ये बारकंसं कुलूप दिसतं आणि मधल्या मधे कोणाला काही वाचता येत नाही. ऑफिसात सगळे त्यांना कुलूपवाले पत्ते म्हणायचे.

"तपासणीत जुना पत्ता एकही नाही निघाला पाहिजे, जितेंद्रभाऊ," दुर्गेश म्हणाला. "तेवढं करा, तुमचं पर्मनंटचं लेटर मी स्वतः काढतो."

चौदाशे बारा पत्ते होते. एका झटक्यात बदलून मोकळं होता आलं असतं, पण जितेंद्रचा स्वभाव आडवा आला. तो एकेक उघडून पाहत बसला. अर्धे मेलेले निघाले. काही दुसरीकडे राहायला गेलेले, आणि एक तर केस उगवायच्या तेलाच्या जाहिरातीवर जाऊन पोचला. तीन आठवडे हेच. डोळे चुरचुरायचे, मान धरायची, आणि घरी गेल्यावर ताटातली भाजी कोणती हेही त्याला खाऊन झाल्यावर कळायचं.

शेवटी सहा उरले. ते इंटरनेटवरचे नव्हतेच. ते होते कोल्ड स्टोरेजच्या भिंतीवर बसवलेल्या जुन्या डब्याचे. तिथल्याच कॉम्प्युटरवर पत्ता टाकला की डबा आपलं पान दाखवायचा, कोणत्या खोलीत किती तापमान ते. पण त्या म्हाताऱ्या डब्याला कुलूपवाला पत्ता समजत नव्हता. तसा पत्ता टाकला तर पान उघडणारच नाही. जितेंद्रनं हे दुर्गेशला नीट समजावून सांगितलं.

"तपासणारं मशीन आहे भाऊ, त्याले काय समजते डबा अन् डबी? करून टाका," दुर्गेश म्हणाला. "वाचते कोण?"

गुरुवारी दुपारी कूलरचं पाणी संपलं होतं, गरम हवा तोंडावर येत होती, आणि जितेंद्रला खरोखर नको नको झालं होतं. त्यानं ते सहाही बदलून टाकले. तपासणी पास झाली आणि दुर्गेशनं सगळ्या मजल्याला आलूबोंडे खाऊ घातले.

गिऱ्हाइकांच्या कॉम्प्युटरशेजारी भिंतीवर लावायचे पुस्तिकेतल्या सूचनांचे कागद नवीन पत्त्यांसकट छापले गेले. पियुष नावाचा कंपनीचा माणूस जागोजागी जाऊन जुना कागद काढून नवीन चिकटवून आला. त्यानंतरच्या शुक्रवारी सकाळी जितेंद्रच्या टेबलावरचा फोन वाजला.

"मी भागीरथा लांजेवार बोलून राहिली, भिवापूरच्या मिरचीच्या कोल्ड स्टोरेजातून. मी इथली मशीनवाली बाई. नव्या कागदावरचं पान तीन दिवस झाले, उघडूनच नाही राहिलं. एकेक अक्षर पाहून टाकलं भाऊ. माहंच काही चुकत असन."

जितेंद्रनं विचारलं, "मग तापमान कसं पाहता, ताई?"

"आत जातो न. दर घंट्याले स्वेटर घालून जातो, थर्मामीटर पाहतो अन् वहीत लिवतो. कागदावर तुमी लिवलं हाये न, घाई करू नका, पान उघडाले वेळ लागते. म्हून मी पहिला दिवस त वाटच पाहत बसली."

ते वाक्य त्याचंच होतं. अकरा वर्षांनी पहिला वाचक भेटला होता, आणि त्याच्या शब्दावर विश्वास ठेवून दिवसभर पांढऱ्या स्क्रीनसमोर बसला होता. त्यानं तिला पत्त्यातलं एस हे एक अक्षर गाळायला सांगितलं.

"उघडलं," ती म्हणाली, आणि मग आवाज खाली आणून म्हणाली, "भाऊ, एक काम करान? आमचे शेठ चंपतराव म्हणून राहिले, बाईले नवं जमत नाही, सोमवारपासून तिच्या जागेवर आपल्या साळ्याले बसवतो. सहा वर्षं झाले मले इथं, तुमच्या कागदावरच शिकली मी. चूक कागदाची होती एवढं त्याइले सांगान? माह्या बोलण्यावर त्याइचा भरोसा नाही."

"सांगतो," जितेंद्र म्हणाला. त्या वेळी त्याला तसंच वाटत होतं.

तो दुर्गेशकडे गेला. दुर्गेशनं सगळं ऐकून घेतलं, मग उठून दार लावलं.

"फोनवर सांगतलं न तिले? झालं मंग. तुम्ही लेखी चूक मान्य केली का ते सहा पत्ते परत जुने करा लागतीन, म्हणजे तपासणी पुन्हा उघडली. तुमचं लेटर वर सहीले गेलं आहे. सोमवारी येते. त्यानंतर लिवा न खुशाल, चार पानं लिवा."

जितेंद्र टेबलाशी परत आला. चंपतरावांचा नंबर त्यानं शोधून ठेवला, शनिवारी दोनदा काढून पाहिला, रविवारी एकदा. "काय झालं तुम्हाला?" काजलनं विचारलं. "थकलो गं," तो म्हणाला, आणि ते काही अगदीच खोटं नव्हतं. अकरा वर्षं वाट पाहिली, दोन दिवसांनी काय बिघडतं, असं त्यानं मनाला पटवलं. पटलं मात्र नाही.

सोमवारी तीन वाजता लेटर हातात पडलं. तीन वाजून दहा मिनिटांनी त्यानं चंपतरावांना लिहिलं की चूक आमच्या कागदाची होती, भागीरथाबाईंनी छापलं तसंच बरोबर टाकलं. सहाही पत्ते त्यानं पुन्हा जुने केले आणि बाजूला कारण लिहिलं. दुर्गेशनं नुसतं पाहिलं. पर्मनंट माणसाला लगेच कोण काय करतं.

संध्याकाळी चंपतरावांचं उत्तर आलं. 'कळवल्याबद्दल धन्यवाद. नवीन माणूस आजपासून कामावर आहे.'

मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत त्यानं भागीरथाबाईंना फोन लावला.

"सांगतलं न भाऊ शेठले?"

"हो ताई. लेखी कळवलं, चूक आमची होती म्हणून."

"बरं केलं. सारं गाव म्हणून राहिलं होतं का बाईनं मशीन बिघडवली. आता तसं त नाही म्हणणार कोणी." मग तिनं विचारलं, "कधी सांगतलं?"

शुक्रवारी म्हणता आलं असतं. ती काही शेठला विचारायला जाणार नव्हती.

"काल," जितेंद्र म्हणाला. "काल दुपारी, तीन वाजता."

"काल मी बारा वाजेपर्यंत तिथंच बसली होती, भाऊ," भागीरथा म्हणाली. "शेठ दोनदा मशीनच्या खोलीची चाबी मांगाले आले. मी म्हटलं, थांबा, कंपनीचा फोन येते."