रंध्यातून निसटलेलं नाव

शाईत चार थेंब साके. हेरिंग मासा घातलेल्या गरम शेवयांची वाफ. सुताराचा रंधा. थरथरणारा एक अंगठा. पुलावर थबकलेली माणसं.

मित्रांनो, या सगळ्यांत मी आहे. हिनोकी लाकडाची एक जुनी फळी. उंची पुरुषभर, जाडी आता बोटभरही नाही.

क्योतोत, कामो नदीच्या काठी आमचं नाट्यगृह. दर डिसेंबरात त्याच्या दर्शनी भिंतीवर आम्हा पन्नास फळ्यांची रांग लागे, प्रत्येकीवर एका नटाचं नाव. लिहायचे कागेयामा मास्तर. अक्षर चकाकावं म्हणून शाईत साके, म्हणजे तांदळाची दारू, घालायचे. गुबगुबीत अक्षरं, आत वळलेल्या रेघा, मध्ये जेमतेम फट.

"फट म्हणजे रिकामी खुर्ची," ते म्हणत.

पुलावर माणसं माना वर करून वाचायची. तेव्हा मला वाटे, तो नट मीच.

हंगाम संपला की तोकुजी सुतार रंधा मारी. नाव भुरभुरत खाली पडे. मी पुन्हा कोरी, आणि थोडी आणखी पातळ. सत्तावीस नावं अशी गेली. अठ्ठाविसाव्या वर्षी तोकुजीने मला वाकवून पाहिलं.

"ही काही आता रंधा सोसायची नाही."

नावासकट माझी रवानगी माळ्यावर झाली.

तिथे किती वर्षं गेली कोण जाणे. खालून नदीचा आवाज यायचा. झोपेत मला गेलेली नावं पाण्यावरून तरंगत जाताना दिसायची. हाक मारावी म्हटलं, तर एकही आठवायचं नाही.

एके दुपारी मास्तरांची मुलगी मिसाओ वर आली. ती संगणकावरची अक्षरं घडवते, फाँट. मास्तरांचा हात आता कापत होता. त्यांचं वळण हरवण्याआधी तिला ते फाँटमध्ये धरून ठेवायचं होतं. पण नमुना कुठून आणायचा? हात धड होता तेव्हाची सगळी अक्षरं रंध्याखाली गेलेली. उरली होती माझ्यावरची पाच.

पाचांवरून तिने शंभर काढली आणि मास्तरांना माझ्याशेजारी बसवून पडदा दाखवला.

"काय गं, मालकाचं नाटक पाडायचंय का? केवढ्या खुर्च्या रिकाम्या!"

"बाबा, मोबाईलवर वाचता यायला नको? नुसता शाईचा गोळा दिसेल."

"दिसू दे. हे माझं अक्षर नाही. माझं नाव लावू नकोस त्याला."

मिसाओने मान खाली घातली. मग मास्तरांनी आपला थरथरता अंगठा माझ्या एका फटीवर टेकवला. तो तिथे थांबला. खरंच, थरथरायचा थांबला.

"हे बघ. फट रुंद नाही करायची, आत वळवायची. दारातून माणूस आत येतो ना, तशी. उभं राहून बघणाऱ्यापुरती जागा ठेवायची."

तिने शंभरच्या शंभर पुसली.

तीन हिवाळे गेले. अक्षरं हजारांवर गेली. मास्तर पुन्हा पडद्यासमोर बसले, एकेक फट बघत गेले. शेवटी नाक ओढून म्हणाले, "हाऊसफुल्ल! लाव आता माझं नाव. आणि शेवया मागव, भूक लागलीय."

मित्रांनो, रंधा वाईट नसतो. नव्या नावाला जागा लागतेच. पण तो उचलण्याआधी खालचं अक्षर एकदा नीट वाचून घेत जा.

मला पहिला रंधा लागला तेव्हा मिसाओ चार वर्षांची होती, आणि माझ्या पहिल्या नावाची शाई लागलेला एक कुरळा छिलका तिने केसांत खोवला होता.