काय नाय, काट्या हायेत

“मोजणीवाले येतील त्या दिवशी सासूला एकटी सोडू नको,” भागीबाईनं बांधावरून बजावलं होतं, आणि प्रतिभानं ते हसण्यावारी नेलं होतं.

“अहो मावशी, आई काय लहान आहेत का?”

“लहान नाय. पण आल्यागेल्यापुढं तिचं तोंड उलटंच चालतं. चाळीस वर्षं शेजार काढलाय मी तिचा. तू शिकलेली हायेस, तू उभी राय तिथं.”

शेजारच्या भागीबाईला सगळ्यातच काहीतरी वाईट दिसायचं, म्हणून प्रतिभानं मान हलवली आणि विसरून गेली. तसं पाहिलं तर विसरणं तिच्या स्वभावात नव्हतं. बी.कॉम. झालेली, नाशिकरोडच्या चाळीत वाढलेली ही पोरगी दीड वर्षाच्या सृष्टीचं दूध तीनदा हुंगून पाजायची, रात्रीतून दोनदा उठून लेकीच्या नाकापाशी बोट धरायची, विहिरीच्या कठड्याला तिनं स्वतः जाळी ठोकून घेतली होती. दुपारी बारा वाजता ती बागेत जाऊन सासूचा पितळी तांब्याही उचलून बघायची. तांब्या जड लागला की समजायचं, बाईंनी सकाळपासून घोटभर पाणी प्यायलेलं नाही.

“प्याले की मघाशी,” साळूबाई म्हणायची.

“मग तांब्या भरलेला कसा?”

“तुझं डोळं म्हंजे पोलीस हायेत बाई,” असं म्हणत ती पदरानं तोंड पुसून पाणी प्यायची.

मखमलाबादच्या रस्त्याला ही वीस गुंठ्यांची गुलाबाची बाग. प्रतिभाचे सासरे कोंडाजी यांनी लावलेली. ते जाऊन सहा वर्षं झाली होती. त्यांचा मुलगा, प्रतिभाचा नवरा दिनेश, एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात पाळीवर जायचा, त्याला बागेतलं फारसं कळत नव्हतं. बाग साळूबाईची होती. पहाटे कळ्या खुडायच्या, टोपल्यात ओल्या फडक्याखाली ठेवायच्या आणि सातच्या आत पंचवटीतल्या फुलबाजारात पोचवायच्या.

कुंभमेळ्याला दीड-दोन वर्षं उरली होती आणि शहराभोवती नवे रस्ते आखले जात होते. एक दिवस नोटीस आली. नकाशावर एक रेघ होती, आणि ती सरळ विहिरीला खेटून बागेच्या मधोमध गेली होती. हरकत घ्यायला तीस दिवसांची मुदत होती, आणि मधल्या एका तारखेला मोजणी आणि पंचनामा.

त्या तारखेला सकाळीच सृष्टीची छाती घरघरायला लागली. प्रतिभानं तिला शालीत गुंडाळलं, रिक्षा केली आणि गावातल्या डॉक्टरांकडे पळाली. परत आली तेव्हा दुपार झाली होती. ओट्यावर चहाचे चार कप पालथे पडले होते आणि साळूबाईचा चेहरा उजळला होता.

“आले होते का ते?”

“आले, मोजून गेले. चांगले होते गं बिचारे. आन् ऐक तर, मी अंगठा नाय दिला. सही केली! साहेब म्हणला, वा आजी!”

ती सही प्रतिभानंच शिकवलेली. गेल्या पावसाळ्यात सृष्टी झोपली की दोघी पाटी घेऊन बसायच्या. ‘ळ’ जमायला बारा दिवस लागले होते. प्रतिभाला इतका आनंद झाला की कागदावर काय लिहिलं होतं, हे विचारायचं राहूनच गेलं.

राहिलं ते पुढचे दहा दिवस. मग एका दुपारी सृष्टीची झबली शोधताना तिनं सासूची ट्रंक उघडली आणि तळाशी घडी केलेला कागद सापडला. पंचनाम्याची नक्कल. ती वाचतच प्रतिभा सासूपाशी आली. ‘सदर क्षेत्रात लागवड आढळून आली नाही. क्षेत्र पडीक असून काटेरी काड्या आहेत. धारकास मान्य.’ खाली थरथरत्या, पण सुबक अक्षरात: साळूबाई कोंडाजी.

“आई, हे काय? आपली आठशे झाडं कुठं गेली?”

साळूबाई कागदाकडे बघेना. जमिनीकडे बघत म्हणाली, “आदल्या दिशी मी छाटणी उरकून घेतली. म्हटलं, साहेब येणार, बाग कशी नीटनेटकी दिसली पाहिजे. मागनं तो कागद तलाठ्यानं वाचून दाखवला, तवा मला कळलं. तुला कसं सांगू? तुझ्या सहीचं वाटोळं केलं मी.”

छाटलेल्या गुलाबाला पान राहत नाही. गुडघाभर उंचीच्या काड्या, टोकाला औषधाचा निळसर लेप. न माहीत असलेल्या माणसाला कुंपणाच्या काट्याच दिसणार.

“पण त्यांनी विचारलं असेल ना, इथं काय लावलंय?”

“विचारलं की.”

“मग?”

“मी म्हटलं, काय नाय साहेब, काट्या हायेत.”

प्रतिभानं डोळे मिटले. लग्न होऊन आली तेव्हापासून ती हे वाक्य ऐकत होती. दारात कुणीही परका येऊन “काय बाग आहे हो!” म्हणाला की साळूबाई घाईघाईनं म्हणायची, “काय नाय, काट्या हायेत.” आपल्या तोंडानं आपल्या बागेचं कौतुक केलं की दृष्ट लागते, कळ्या गळतात. एकदा कोंडाजींनी भर बाजारात बागेची बढाई मारली आणि त्याच आठवड्यात गारा पडल्या. तेव्हापासूनची ही रीत. भागीबाई म्हणाली होती ते हेच.

मुदतीचे अकरा दिवस उरले होते.

दिनेशच्या ओळखीचा वकील जिल्हा न्यायालयासमोरच्या मोठ्या इमारतीत बसत होता. त्यानं कागद अर्ध्या मिनिटात परत दिला. “सही आहे. मान्य लिहिलंय. जमीन गेली समजा. पुढं मोबदल्याच्या वेळी या, तेव्हा बघू.” त्याचं बोलून होईतो पुढचा अशील आत आलाही होता. सृष्टी रडायला लागली म्हणून प्रतिभा बाहेरच्या कडुनिंबाखाली येऊन उभी राहिली. तिथं टंकलेखकाच्या शेजारी एका टेबलापाशी पन्नाशीची एक बाई डबा खात होती. काळा कोट खुर्चीच्या पाठीला टांगलेला.

“पोरीला ऊन लागतंय,” ती म्हणाली. “इकडं बसा. जमिनीचं काम दिसतंय.”

“तुम्हाला कसं कळलं?”

“नकाशा उलटा धरलाय तुम्ही.”

त्या सरिता थेटे. वीस वर्षं जमिनीच्याच केसेस चालवत होत्या. त्यांनी पंचनामा दोनदा वाचला, नकाशा सुलटा करून नखानं रेघ चाचपली आणि म्हणाल्या, “मी आधी जमीन बघते, मग वकीलपत्र घेते. उद्या येते.”

आल्या त्या स्कूटरवर. चप्पल काढून वाफ्यातून चालल्या, वाकून काड्यांचे कोंब फुटणारे डोळे पाहिले, विहिरीत डोकावल्या. मग ओट्यावर बसून सरळ सांगितलं, “रस्ता थांबणार नाही. तो थांबवते म्हणणारा वकील भेटला तर त्याच्याकडे जाऊ नका. पण बागेच्या पलीकडे पाटाची सरकारी पट्टी आहे, ती खरी पडीक. रेघ थोडी तिकडं सरकवा, असं आपल्याला मागता येतं. अडचण एकच. कागदावर दोन्हीकडे पडीक आहे. मग साहेबांनी रेघ हलवायची कशासाठी?”

“म्हंजे इहीर जाणार?” साळूबाईनं विचारलं.

“विहीर गेली की उरलेली झाडंही जातात. तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे, आजी. मला एक सांगा, छाटणीनंतर फुलं कधी येतात?”

“पंचेचाळीस दिशी. थंडी नीट पडली तर दोन दिस इकडं-तिकडं.”

सरिताबाईंनी बोटांवर मोजलं आणि त्या पहिल्यांदा हसल्या. “हरकत मुदतीत देऊ. त्यातच फेरपाहणी मागू. फेरपाहणीची तारीख लवकर कधीच मिळत नाही. एरवी मी त्यावरून साहेबांशी भांडते. या वेळी नाही भांडणार.”

मग त्यांनी वकीलपत्र पुढं केलं. साळूबाईनं दोन्ही हात पदराखाली घेतले.

“मी आता कशावरच सही करायची नाय.”

“आई, याच्याशिवाय वकीलबाईंना काही करता येणार नाही.”

“तुझी घे. दिनेशची घे.”

“जमीन तुमच्या नावावर आहे.”

“म्हणूनच तर घात झाला ना!” ती मान फिरवून म्हणाली. “मालकानं मरताना बाग माझ्या हाती दिली, आन् मी चहा पाजून घालवली. अंगठा होता तवा निदान कोनी वा आजी म्हणत नव्हतं.”

सरिताबाईंनी पेनाचं टोपण काढलं आणि पुन्हा लावलं. प्रतिभानं सृष्टीला त्यांच्या मांडीवर दिलं, आतून चष्मा आणि पाटी घेऊन आली आणि सासूला खेटून बसली.

“चूक माझीपण आहे, आई. मी तुम्हाला सही शिकवली, आणि सहीच्या आधी काय करायचं ते शिकवलंच नाही. आज शिकवते. मी एकेक ओळ वाचणार. तुम्हाला कळली तर हं म्हणायचं. नाही कळली तर पुन्हा विचारायचं. सगळ्या ओळींना हं आलं, तरच सही.”

पान एकच होतं. वाचायला पाऊण तास लागला. साळूबाईनं मन लावून ऐकलं, चार ठिकाणी अडवलं. “तडजोड म्हंजे काय?” वकीलबाईंनी समजावलं. “मग ते मला इचारल्याबिगर नाय करायचं, ते पण लिवा.” सरिताबाईंनी ते हातानं लिहिलं. मग साळूबाईनं पेन घेतलं. ‘ळ’ आधीपेक्षा वाकडा, पण ठाम आला.

पंचेचाळिसातले उरलेले दिवस प्रतिभानं कसे काढले, ते तिचं तिला ठाऊक. सकाळी सृष्टीचा ताप बघायचा, मग काड्यांचे डोळे. आधी तांबूस कोंब आले, मग कोवळी पानं, मग मुगाएवढ्या कळ्या. मधे दोन दिवस ढग आले तर तिला जेवण गेलं नाही. साळूबाईच तिला म्हणायला लागली, “जेव गं. मी तांब्या रिकामा केला, तू ताट रिकामं कर.”

फेरपाहणीची तारीख छाटणीपासून बावन्नाव्या दिवशी आली. जीप थांबली तेव्हा बाग लालभडक होती. त्या दिवशी साळूबाईनं पहाटेची खुडणी केलीच नव्हती. बागेत फुलं असताना फुलबाजार चुकवायची लग्नानंतरची ही पहिलीच वेळ.

साहेब नवीन होते. त्यांनी जुना पंचनामा पाहिला, बाग पाहिली, पुन्हा पंचनामा पाहिला. “आजी, इथं नक्की काय आहे?”

प्रतिभानं सासूकडे पाहिलं. साळूबाईच्या ओठावर ते नेहमीचं वाक्य आलेलं तिला स्पष्ट दिसलं. सरिताबाई शेजारी उभ्या होत्या, पण त्याही मधे पडल्या नाहीत. भागीबाई बांधावर पदर चावत उभी होती.

साळूबाईनं पदर खोचला.

“बाग हाय साहेब,” ती म्हणाली. “माझ्या मालकानं लावली. आठशे झाडं. इहिरीला बारमाही पाणी. पंचवटीत माझ्या फुलाला आधी गिऱ्हाईक, मग बाकीच्यांच्या. लय चांगली बाग हाय माझी.”

एवढं एका दमात बोलली आणि स्वतःच घाबरली. झटकन वळून तिनं प्रतिभाच्या कडेवरच्या सृष्टीच्या गालावरची काजळाची तीट बोटानं पुसून घेतली आणि पहिल्या झाडाच्या खोडाला लावली. साहेब हसले. मग त्यांनी पेन काढलं आणि झाडं मोजायला माणूस लावला. या वेळी सही करण्याआधी साळूबाई म्हणाली, “आधी माझी सून वाचल.”

रेघ सरकली, पण सगळी नाही. आठ गुंठे गेले. त्यातल्या झाडांची साळूबाईनं कलमं करून घेतली. बारा गुंठे आणि विहीर राहिली. सरिताबाईंनी निकालाची नक्कल आणून दिली, तेव्हा फीबरोबर साळूबाईनं त्यांच्या स्कूटरच्या डिकीत पन्नास फुलं कोंबली. वर म्हणाली, “काय नाय, काट्या हायेत.”

याला आता काही वर्षं झाली. रस्ता झाला, मेळा झाला, आणि दिनेशची बदली नागपूरकडे कोराडीला झाली. साळूबाई गेली नाही. “बाग राखायला एवढं भांडलो, आन् आता सोडून जाऊ?” प्रतिभा आणि सृष्टी दिनेशबरोबर गेल्या. भागीबाईही लेकाकडे निफाडला राहायला गेली. फोनवर सासू रोज एकच सांगते: मी मजेत हाय.

प्रतिभाचा त्यावर विश्वास नाही. म्हणून तिचं तुमच्याकडे एक मागणं आहे. मखमलाबादकडे जायचं झालं तर पाटाच्या पुलानंतर डाव्या हाताला गुलाब दिसतील. दुपारी बाराच्या सुमाराला जरा थांबा. फुलं घ्यायची नसली तरी थांबा. पाणी प्यायलात का, असं विचारा. ती हो म्हणेल. तिचं ऐकू नका. विहिरीजवळच्या पहिल्या झाडाखाली पितळी तांब्या असेल, तो फक्त एकदा उचलून बघा.