आईसाठी नवा डबा

सिन्नरच्या औद्योगिक वसाहतीतल्या त्या कारखान्यात खुब्याच्या सांध्यात बसवायच्या कृत्रिम वाट्या बनत. टायटॅनियमची बारीक पावडर पसरायची, लेझरने थरावर थर वितळवायचे, की वाटी तयार. उरलेली पावडर चाळून पुन्हा वापरणं हा सगळीकडचाच रिवाज. मात्र दर वापरागणिक ती थोडा ऑक्सिजन शोषते आणि मर्यादेपलीकडे गेली की धातू ठिसूळ होतो. म्हणून ती वेळोवेळी तपासावीच लागते. मालक महेशसरांनी ही तपासणीच बंद करून टाकली होती.

गुणवत्ता विभागाच्या रोहिणी पगारेने हा विषय अनेकदा काढला. चाळली ना, मग झालं, एवढंच उत्तर मिळे. चाळणीने गाठी निघतात, शोषलेला ऑक्सिजन नाही, हेही तिने सांगून पाहिलं. सर मोबाइलकडे वळत.

अशात त्यांच्या आईचा, सिंधुबाईंचा, खुबा पार निकामी झाला. हाड इतकं खचलं होतं की त्यांच्या मापाची खास वाटी बनवावी लागणार होती. सरांनी रोहिणीला बोलावून बजावलं, पावडरीचा सीलबंद नवा डबा फोडा, मशीन आतून साफ करा, आईच्या वाटीत जुना कणही नको.

रोहिणीच्या मस्तकात सणक गेली. म्हणजे या माणसाला सगळं ठाऊक होतं! मग आजवर ज्यांच्या हाडात या वाट्या बसल्या, त्या कुणाच्याच आया नव्हत्या?

वाटीचा प्लास्टिकचा नमुना घेऊन सर आणि रोहिणी नाशिकला द्वारका चौकाजवळच्या हॉस्पिटलात गेले. सिंधुबाई नांदगावच्या शाळेतल्या निवृत्त शिक्षिका, स्वभावाने चौकस. वाटी कशाची, त्यांनी विचारलं. एकदम नवं मटेरियल, खास तुझ्यासाठी, असं महेश कौतुकाने म्हणाले.

"आणि बाकीच्यांना कसलं?"

ते नमुना पिशवीत ठेवू लागले. सिंधुबाईंनी रोहिणीकडे पाहिलं. नोकरी जाणार हे दिसत असूनही रोहिणीने सारं सांगितलं.

"महेश, लोकांना देतोस तीच मला बसव," सिंधुबाई शांतपणे म्हणाल्या.

"काहीतरीच काय, आई! ती आत तडकली तर?"

बोलून गेल्यावर महेशना आपलाच आवाज ऐकू आला. चेहरा उतरला.

"वापरलेलं पुन्हा वापरण्यात वाईट काही नाही रे," सिंधुबाई म्हणाल्या. "दादाचे कपडे तुलाही घातले मी. पण विरलेत का, ते उजेडात धरून बघायचे. तू बघितलंच नाहीस, आणि माणसांच्या अंगात घातलंस. आधी ते निस्तर. तोवर मी वॉकरवर चालेन."

त्याच दिवशी मशीन थांबलं. पावडर प्रयोगशाळेत गेली. ऑक्सिजन मर्यादेबाहेर निघाला. तयार वाट्या रद्द झाल्या. आधी वाट्या बसवलेल्या शल्यचिकित्सकांना महेशनी स्वतः फोन केले, शिव्या ऐकल्या, दोन हॉस्पिटलं कायमची तुटली. तपासणीला बोलावलेल्या रुग्णांपैकी कळवणच्या कलाबाईंच्या वाटीला एक्स-रेत बारीक तडा दिसला. ती वेळेत बदलली गेली. त्यांच्या मुलासमोर उभं राहताना महेशना मान वर करता आली नाही.

सिंधुबाईंची वाटी पुढे तपासलेल्या पावडरीतून बनली. त्यात वापरलेली पावडरही होती.

मंडळी, आपण दुसऱ्याच्या घरी जे पाठवतो, ते आपल्या माणसाला देताना हात कचरत असेल, तर आपली चूक आपल्याला कळलेलीच असते. तिला अज्ञान म्हणायचं नाही. ती फसवणूकच!