उजव्या हातातली साखर

शनिवारी सकाळचे दहा वाजायच्या आत बंद पडलेल्या फर्निचरच्या दुकानात पाय ठेवायला जागा उरली नव्हती. पूर्वी जिथे सोफे मांडलेले असत तिथे शे-दीडशे प्लॅस्टिकच्या खुर्च्या, प्रत्येक खुर्चीवर एक मधुमेही आणि प्रत्येकाच्या हातात एक संत्रं. समोरच्या टेबलामागे ओंजळबाबा. ना दाढी, ना जटा. कडक इस्त्रीचा शर्ट, चकचकीत बूट, आणि टेबलावर रक्तातली साखर मोजायचं यंत्र, दवाखान्यात असतं अगदी तसंच.

"माझ्यावर विश्वास ठेवू नका," बाबा म्हणाले. "मी कोण? या यंत्रावर ठेवा. यंत्र कुणाचा भाऊ नाही न् कुणाचा मेहुणा नाही."

लोक खूश होऊन हसले. असा बाबा त्यांनी आजवर पाहिला नव्हता.

मग विधी सुरू झाला. संत्रं स्वतःच्या हाताने सोलायचं, एकेक फोड चिमटीत दाबायची, व्याधी यात उतरू दे असं म्हणायचं आणि फोड थाळीत ठेवायची. खायची मात्र नाही. मधुमेह्याला गोड खाऊ घालून बाबांना पाप लावून घ्यायचं नव्हतं. त्यानंतर बोट टोचून आकडा मोठ्याने वाचायचा. मग मोठ्या भांड्यातलं मंतरलेलं पाणी ओंजळीत घेऊन हात चोळायचे, पाच मिनिटं डोळे मिटून बसायचं आणि पुन्हा बोट टोचायचं.

भिंतीला टेकून ताई हे सगळं बघत होत्या. घरोघरी जाऊन आजारी-म्हाताऱ्या माणसांचं करायचं, अंघोळ, जेवण, औषधपाणी, हे ताईंचं काम. आठवड्यातले तीन दिवस त्या घड्याळवाल्या काकांकडे असत. काकांनी चाळीस वर्षं लोकांची घड्याळं दुरुस्त केली होती आणि पंधरा वर्षं स्वतःचा मधुमेह सांभाळला होता. आज काकूंनी हट्टाने दोघांना इथे आणलं होतं.

काकांचा पहिला आकडा आला तीनशे अठरा. ओंजळीनंतर एकशे सव्वीस.

टाळ्यांचा कडकडाट झाला. काकूंच्या डोळ्यांना धार लागली. ताईंच्या मनात पाल चुकचुकली, पण आकडा तर त्यांनीही वाचला होता. आकड्याशी भांडायचं कसं?

"आजपासून गोळी बंद," बाबांनी सांगितलं. "आणि पुन्हा मोजायचं नाही. मोजणं म्हणजे संशय. संशय आला की साखर परत आली."

काय सोय आहे बघा. गुण आला तर बाबांमुळे, नाही आला तर खापर तुमच्या संशयावर.

सोमवारी ताई गेल्या तेव्हा गोळ्यांचा डबा कपाटावर, हात पोचणार नाही असा ठेवलेला होता.

"डॉक्टरांना विचारलंत का, काकू?"

"विचारलं ना. तेच म्हणाले, बंद करा." काकू हे म्हणाल्या खरं, पण त्यांनी नजर मिळवली नाही.

ताईंना ते पटलं नाही. दवाखाना दोन गल्ल्या पलीकडेच होता. पण मागे एकदा असंच काही विचारायला त्या गेल्या होत्या, तर काउंटरवरून ऐकावं लागलं होतं, "तुम्ही कोण? नातेवाईक आहात का?" तेव्हापासून त्या पुन्हा तिथे गेल्या नव्हत्या. आणि दवाखान्यातल्या सिस्टरनी काकांना फोन केला तेव्हा काका तोऱ्यात म्हणाले, "साखर एकशे सव्वीस. गोळ्या ताई देतात वेळेवर." सिस्टरनी फायलीत 'नियंत्रणात' असं लिहून टाकलं. सिस्टर निर्धास्त, ताई मूग गिळून गप्प आणि मधल्यामध्ये काका.

पुढे काकांना थंडी वाजायला लागली म्हणे. मोजे काढू देईनात. ताईंनी दोन आठवडे ऐकून घेतलं आणि तिसऱ्या आठवड्यात सरळ मोजे ओढून काढले. उजव्या पायाच्या करंगळीशी काळपट, ओली जखम होती. वास येत होता.

"काका, हे कधी झालं?"

"काय झालं?" काकांनी विचारलं. त्यांना तिथे काही जाणवतच नव्हतं.

ताईंच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी गाडी बोलावली आणि काका-काकूंना घेऊन दवाखाना गाठला. काउंटरवर तोच प्रश्न आला, तुम्ही कोण?

"हा पाय बघितलेली मी एकटीच आहे," ताई म्हणाल्या. "आता आत कुणाला बोलवायचं ते तुम्ही ठरवा."

सिस्टरनी सवयीप्रमाणे काकांना आधी बेसिनवर हात धुवायला लावले, मग बोट टोचलं. चारशे बारा.

"ताई, तुम्ही गोळ्या देत होतात ना?"

"मी? तुमच्या डॉक्टरांनीच बंद केल्या ना?"

दोघी एकमेकींकडे संशयाने बघत राहिल्या. मग दोघींनी काकांकडे पाहिलं. काका छताकडे बघत होते.

डॉक्टरांनी काकांना तडक मोठ्या हॉस्पिटलात धाडलं. पाय राहील की जाईल, ते सांगायला तयार नव्हते.

त्या दुपारी सिस्टरनी ताईंना पहिल्यांदाच आत खुर्ची दिली. ताईंनी दुकानात पाहिलेलं सगळं क्रमाने सांगितलं. एका जागी सिस्टरनी त्यांना थांबवलं.

"हात चोळतात ते दुसऱ्या मोजणीच्या आधी. पहिल्या मोजणीच्या आधी धुतात का?"

"नाही. आधी संत्रं सोलतात. पुसायला कापडसुद्धा देत नाहीत. व्याधी कापडाला लागते म्हणे."

"शनिवारी मला तिथे घेऊन चला," सिस्टर म्हणाल्या. "डोक्यात एक आलंय. पण मोजल्याशिवाय बोलणार नाही."

शनिवारी दोघी साध्या कपड्यांत पुढच्या रांगेत बसल्या. संत्रं ताईंनी धरलं आणि सिस्टरनी ते फक्त उजव्या हाताने सोललं, फोडी दाबल्या. डावा हात मांडीवरून हलवला नाही. बाबांनी उजव्या हाताचं बोट टोचलं. दोनशे शहाण्णव.

"बाई, तीन वर्षांपासून आतून पोखरतंय तुम्हाला."

"असेल," सिस्टर म्हणाल्या. "आता या डाव्या हाताचं टोचा."

"आधी ओंजळ. त्याशिवाय दुसऱ्यांदा टोचत नाहीत."

"यंत्रावर विश्वास ठेवा म्हणालात ना?"

"टोचा की, बाबा," शेजारच्या खुर्चीवरचा एक बस कंडक्टर म्हणाला. "बोट त्यांचं आहे."

बाबांना टोचावं लागलं. ताईंनी आकडा मोठ्याने वाचला. ब्याण्णव.

"एकाच बाईच्या उजव्या हातात दोनशे शहाण्णव आणि डाव्या हातात ब्याण्णव," ताई लोकांकडे वळून म्हणाल्या. "अंगात रक्त दोन प्रकारचं फिरतं का?"

सिस्टर मागच्या मोरीत गेल्या, नळाखाली उजवा हात साबणाने धुऊन, पुसून आल्या आणि बोट स्वतःच टोचलं. चौऱ्याण्णव.

"मी दवाखान्यात नर्स आहे," त्या म्हणाल्या. "यंत्र खोटं नाही. पण संत्र्याचा रस बोटावर राहिला तर तो रक्ताच्या थेंबात मिसळतो आणि यंत्र त्याचीही साखर मोजतं. पहिला आकडा संत्र्याचा. ओंजळीच्या पाण्याने हात धुतल्यावरचा तुमचा. तो आटोक्यात होता तुमच्या गोळ्यांमुळे, आणि त्याच गोळ्या यांनी बंद करायला लावल्या."

कंडक्टरचे हात नुकतेच मंतरून झाले होते, आकडा एकशे अठरा. तो उठला, त्याने नवं संत्रं सोललं आणि बोट पुढे केलं. दोनशे एकाहत्तर.

"संशय! संशयाने—" बाबांनी सुरुवात केली. पण तोवर माणसं टेबलाभोवती गोळा झाली होती, जो तो आपलं बोट आपणच टोचून साखर मोजत होता. बाबांना ध्यानाची वेळ आठवली. मागच्या दाराने त्यांनी गाशा गुंडाळला, यंत्र तिथेच टाकून.

काकांचा पाय राहिला. दोन बोटं गेली.

हॉस्पिटलच्या बाकावर काकू ताईंना म्हणाल्या, "बाबाला बोल लावून काय करू? खोटं मी बोलले. तुम्हाला एक सांगितलं, त्यांनी दवाखान्याला दुसरं."

"आणि सिस्टरनी न् मी ते ऐकून घेतलं," ताई म्हणाल्या. "मला तर पटलंही नव्हतं. काउंटरवर 'तुम्ही कोण' म्हणाले म्हणून मी रागावून घरी बसले, काकू. मी एक फोन केला असता तर पहिल्याच सोमवारी कळलं असतं." ताईंना रडू आलं आणि त्यांनी ते लपवलं नाही.

आता दर मंगळवारी ताई दवाखान्यात जातात. कोण कुठल्या गोळ्या घेतो, कोण घेतल्याचं नुसतं सांगतो, कुणाचे मोजे निघत नाहीत, हे ताई आणि सिस्टर समोरासमोर बसून ताडून बघतात. यात मंत्र नाही की अंगारा नाही. कुणी टाळ्याही वाजवत नाही.

तुम्हाला कुणी चमत्कार दाखवला तर त्याच्याशी भांडू नका. हात धुवा आणि पुन्हा मोजा. तुमच्या घरी येणाऱ्या बाईला सांगा, तुमच्या डॉक्टरला सांगा, आणि दोघांना एकच सांगा. आणि पुन्हा मोजू नका, कुणाला विचारू नका, असं जो म्हणेल त्याच्यासमोरून उठा. आपल्या पायांनी चालत जाता येतंय तोवर उठा.