पंख्यातली भुकटी

हेमकांतने लॅपटॉप पालथा केला, एकेक बारीक स्क्रू काढून चहाच्या बशीत ठेवला आणि पाठीचं झाकण उचललं. उचलताच त्याला लागोपाठ तीन शिंका आल्या.

"ओ नाना, लॅपटॉपले फोडणी दिन्ही का काय तुम्ही?"

बाकावर बसलेले रूपचंद हसले नाहीत. मोतीबिंदूच्या ऑपरेशनला आठ दिवस झाले होते, डोळ्यांवर काळा चष्मा होता. लेक नूतनने त्यांना म्हसावदच्या या दुकानात हात धरून आणलं होतं, की त्यांनी तिला, हे सांगणं अवघड. नंदुरबारला इंजिनिअरच्या हापिसात ती इमारतींची चित्रं करते, हे गावभर त्यांनीच सांगितलेलं. आज सहाच्या आत नाशिकच्या एका कंपनीला चित्र पाठवायचं होतं. पाठवलं तर तिथे काम मिळेल, एवढंच ती बोलली होती. आणि मशीन सकाळपासून दहा-दहा मिनिटांत तापून मान टाकत होतं.

"हाई देखा. ग्राफिक्स चिपना लेप वाळी गया, आणि हवानी जाळी गच्च. चिपना दम कोंडाई ऱ्हायना." हेमकांतने जाळीवरून ब्रश फिरवला. कागदावर विटकरी भुकटी सांडली. "मिरची शे. पथारीवर उडस तशी. तुमना तं केळीना मळा, नाना. हाई कोठून उनी?"

नूतनने दोन्ही हात ओढणीखाली घेतले.

रूपचंदांनी चिमूटभर भुकटी बोटांत चोळली. नंदुरबारच्या पथाऱ्या, मिरची वाळवायची ती मोकळी मैदानं, त्यांनी पाहिली होती. लाल मिरचीचे ढीग, भोवती दिवसभर देठं खुडणाऱ्या बाया. पंखा जे ओढतो, तेच छातीही ओढते. काल रात्री माजघरातून येणारा नूतनचा खोकला त्यांना आठवला.

परवा घरी आल्यापासून तिने त्यांच्या डोळ्यांत औषध घातलं नव्हतं. 'वहिनीले सांगा,' म्हणायची आणि उठून जायची. शहरात राहून पोर बापाला शिवायला कंटाळली, असं त्यांच्या मनात कितीदा येऊन गेलं होतं. आता मिरचीच्या ढिगाकडेला, जेवणाच्या सुट्टीत, मांडीवर मशीन घेऊन बसलेली पोर त्यांना दिसली. डोळ्यांवर पट्टी असती तरी दिसली असती.

"आमनाच घर वरीसना मसाला कुटा व्हता," ते म्हणाले. "हाई मशीन लिसन तठेच बठेल व्हती."

हेमकांतने एकदा नूतनकडे पाहिलं.

"व्हस आसं," तो म्हणाला आणि जाळी साफ करू लागला.

जुना लेप पुसून त्याने चिपवर ज्वारीच्या दाण्याएवढा नवा ठेवला. झाकण बसलं. मशीन सुरू झालं. कोपऱ्यातला तापमानाचा आकडा चढत गेला, बासष्ट, अडुसष्ट, आणि एकाहत्तरवर थांबला. सकाळी तो सत्त्याण्णवला पोचून सगळं काळं होत होतं. पडद्यावर अर्धं राहिलेलं घर पुन्हा उभं राहू लागलं. आधी जोतं, मग भिंत, मग भिंतीवरचं ऊन.

तासाभराने नूतनने श्वास सोडला.

"पोचनं, नाना."

रूपचंदांनी चष्मा काढला. खिशातली औषधाची बाटली तिच्यापुढे धरली.

"पाच वाजनात. थेंब टाक."

"घर जाईसन वहिनीले..."

"तू टाक."

तिचा आवाज खाली गेला. "मन्हा बोटे झोंबतीन, नाना."

"माले माहीत शे. टाक."

ती बाहेर गेली. माठाशी उभं राहून तिने साबणाने हात धुतले, पुन्हा धुतले, पुन्हा. मग आत येऊन ती त्यांच्यासमोर वाकली आणि एका बोटाने पापणी वर धरली.

थेंब पडला. पापणीच्या कडेला आग उठली. रूपचंदांनी डोळा मिटला नाही.

"हलका शे तुन्हा हात," ते म्हणाले.